पोटखराब : मालवणच्या कांदळवनाचा अलिखित इतिहास

कोकणचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा दगडापाशी थांबते. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या पायाचा चिरा बसला, हे शाळकरी मूलही सांगू शकते. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ साली वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. किल्ल्याला तारीख असते, वखारीला दप्तर असते, देवळाला सनद असते, चर्चला नोंदवही असते. चिखलाला मात्र ह्यांतले काहीच नसते. म्हणूनच गड, कर्ली, आचरा ह्या नद्यांच्या मुखांशी शतकानुशतके उभे असलेले कांदळवन आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत जवळजवळ आढळतच नाही.

सरकारी कागदात मात्र ते एका शब्दापुरते आढळते. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीखालच्या क्षेत्राशेजारी एक रकाना असतो : पोटखराब. एखाद्या भूमापन क्रमांकाच्या पोटातला जो भाग पिकाला निरुपयोगी, तो पोटखराब. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलातील मोजणीदाराने साखळी टाकून शेत मोजले, सारा ठरवला आणि जिथे नांगर चालत नाही ती जागा बाजूला काढली. खडक, ओहोळ, दलदल ह्यांची गणना त्याच रकान्यात झाली. मोजणीदाराचा त्यात दोष नव्हता; त्याला भात मोजायचे होते. पण शब्दांना आयुष्य असते. एकदा 'खराब' म्हणून नोंदवलेली जागा पुढे भराव घालण्यास, कचरा टाकण्यास, तोडण्यास मोकळी वाटू लागते. ज्या जागेने किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्यांचे पोट भरले तिलाच कागदाने पोटखराब म्हणावे, ह्यात मोठा विरोधाभास आहे. आमच्या ह्या लेखाचा विषय तोच आहे.

कांदळ हा शब्द

कागदात नसलेले पुष्कळदा भाषेत असते. 'कांदळ' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातला शब्द तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातील ग्रंथात छापला गेला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१६७० ते १६७७ ह्या काळात हेंड्रिक व्हान रीड हे कोचीनला डचांचे मलबार प्रांताचे अधिकारी होते. त्यांनी तिथल्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ ह्या वर्षांत ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला. ह्या कामाच्या आरंभी त्यांना साहाय्य केले ते केरळात सेवा करणाऱ्या कार्मेल संघाच्या एका इटालियन धर्मगुरूने, फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ ह्यांनी. ते वनस्पतींचे जाणकार होते आणि त्यांनी स्वतः चित्रेही काढली होती. पुढे कामाची व्याप्ती वाढली तेव्हा इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य त्यात सहभागी झाले. ह्या तिघांनी १६७५ साली कोंकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्याच खंडात छापलेले आहे.

ह्या ग्रंथाच्या १६८६ साली निघालेल्या सहाव्या खंडात खाडीकाठच्या झाडांची चित्रे आहेत आणि त्यांच्या नावांत पुनःपुन्हा एक शब्द येतो : कांडेल. मल्याळी 'कण्टल' आणि आपला 'कांदळ' ह्यांचे नाते उघड आहे. लिनियस ह्यांनी १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली तेव्हा ह्याच कुळातील एका झाडाला त्यांनी कांडेल हेच नाव ठेवले, आणि १८३४ साली त्या झाडाच्या गणालाच 'कांडेलिया' म्हणण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचा शब्द अशा रीतीने जगाच्या शास्त्रात कायमचा जाऊन बसला. मोजणीदाराने ज्याला नाव देण्याचेही कष्ट घेतले नाहीत त्या झाडाला वैद्याने, धर्मगुरूने आणि शास्त्रज्ञाने नावानिशी ओळखले होते.

इतर नावांतही इतिहास दडला आहे. आपल्या तिवराचे शास्त्रीय नाव 'ॲव्हिसेनिया'. ते अकराव्या शतकातील थोर वैद्य इब्न सीना ह्यांच्या युरोपात रूढ असलेल्या नावावरून पडले. चिपीचे 'सोनेरेशिया' हे नाव सोनेरा ह्या फ्रेंच प्रवाशाचे. एका खाडीच्या चिखलात इराणचा वैद्य, फ्रान्सचा प्रवासी आणि मलबारचा कोळी असे शेजारी शेजारी उभे आहेत.

कालावल खाडीतील एक दिवस

ही नावे कागदावरून काठावर आणावीत, ह्या हेतूने आम्ही नाताळच्या सुटीत धर्मग्रामातील नऊ युवक-युवतींसह कालावल खाडीत एक दिवस काढला. तीन कॅमेरे होते, बाकीच्यांजवळ मोबाईल होते. गड नदी समुद्राला मिळण्यापूर्वी मसुरे, बांदिवडे, हडी, रेवंडी ह्या गावांमधून जी रुंद खाडी होते तीच ही.

खाडीत जायचे तर आधी पंचांग पाहावे लागते. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. वद्य तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती. स्थळपरत्वे त्यात तासाभराचा फरक पडतो. भरतीच्या सहा तास आधी ओहोटीचा तळ. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण असते आणि पाणी खूप मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाणी फारसे हलत नाही. झाडांची मुळे पाहायची होती म्हणून आम्ही तृतीया निवडली आणि सकाळी उन्हे कोवळी असतानाच होडीत बसलो.

ओहोटीच्या वेळी कांदळवन आपले पाय उघडे करून उभे असते. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी सुटून चिखलात रुततात. वाऱ्यावादळात झाड तोलून धरण्याचे काम ह्या कमानी करतात. तिवराच्या भोवती तर चिखलातून बोटाएवढे शेकडो खुंट वर आलेले दिसतात. मुलांना ते तोडलेल्या झुडपांचे बुडखे वाटले. वस्तुतः ती श्वासमुळे होत. खाडीच्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून हे झाड मुळे जमिनीबाहेर काढून श्वास घेते. तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावावी तर ती खारट लागते, कारण शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची रीत वेगळी. तो मिठाला पुष्कळ अंशी मुळाशीच अडवतो. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लांब रोप होऊन लोंबू लागते. वेळ आली की ते गळते. ओहोटी असेल तर चिखलात उभे रुतते, भरती असेल तर तरंगत नव्या काठाला लागते. लेकराला घरात वाढवून मग जगात धाडणारे हे झाड. एका युवतीने अशा गळत्या रोपाचे छायाचित्र टिपण्यासाठी तासभर होडी थांबवून धरली, आणि कोणी कुरकुर केली नाही.

चिखलात काठी टेकवताच कुर्ल्या बिळांत पळत होत्या. खडकांना आणि मुळांना कालवे चिकटलेली होती. दोन बाया टोपल्या घेऊन तिसरे काढत होत्या. शेवटे, तांबोशी, चोणाक ह्यांची पिल्ले ह्याच मुळांच्या आडोशाने वाढतात आणि पुढे समुद्रात जातात. होडी वल्हवणारे काका पिढीजात खाडीवाले. आम्ही झाडांच्या उपयोगाविषयी विचारताच ते म्हणाले, "फादर, ह्यो कांदळ म्हणजे आमचो बांध. ह्यो बांध बांधूक कोणाक पैशे देवचे पडले नाय." कांदळवनाची ह्याहून नेमकी व्याख्या आम्ही एकाही ग्रंथात वाचलेली नाही.

खाडीच्या दोन्ही बाजूंना दोन जुने किल्ले आहेत. दक्षिणेला मसुऱ्याचा भरतगड, उत्तरेला बांदिवड्याचा भगवंतगड. सावंतवाडीकर आणि बावड्याचे पंत अमात्य ह्यांच्या चढाओढीची ती आठवण. ह्याच अमात्य घराण्यातील रामचंद्रपंतांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी काळजीपूर्वक सूचना आहेत. सागवानाचा विचार तिथे आहे, आंब्या-फणसाचाही आहे, आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत असा आग्रह आहे. राज्यकर्त्याच्या दृष्टीने झाड हा नुसता लाकूडसाठा नसून त्याच्यामागे माणूस उभा असतो, हा त्या सूचनेचा गाभा. तो गाभा ध्यानी ठेवूनच पुढचा प्रसंग वाचावा.

भरती चढू लागली तेव्हा आम्ही एका आतल्या फाट्यात शिरलो. तिथे तिवराची तरुण झाडे दाट आणि सारख्या उंचीची होती. हिरवे प्रतिबिंब पाण्यात पडले होते आणि सर्व कॅमेरे तिकडे वळले. काठावर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ह्यां माज्या बापाशीचां शेत. हंय भात पिकायचां. तुमी आता कांदळाचो फोटो काढतास." मुलांनी कॅमेरे खाली केले. त्या एका वाक्याने दिवसाची सहल इतिहासाच्या दारात येऊन थांबली.

खाजण, मीठ आणि बांध

त्या वृद्धाच्या शेताचा इतिहास मोठा आहे. भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या सखल जमिनीला आपण खाजण किंवा खार जमीन म्हणतो. खाडी आणि शेत ह्यांच्यामध्ये मातीचा बांध घालायचा, बांधात उघडझाप ठेवायची. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ नये. पहिल्या पावसांनी मीठ धुतले गेले की खारेपणा सोसणारे भात तिथे पेरायचे. शेजारच्या गोव्यात ही विद्या गावकीच्या शिस्तीने शतकानुशतके चालली. तिथल्या उघडझापीला 'मानस' म्हणतात. बांधाची देखभाल एकट्याची नसे. ती गावाची जबाबदारी असे. आणि जाणते शेतकरी बांधाबाहेरचे कांदळ तोडत नसत, कारण लाटेचा पहिला मार तेच झेलतात हे त्यांना कळत होते. शेत आणि कांदळ हे एकाच बांधाच्या दोन बाजूंना नांदणारे शेजारी होते.

ह्याच भरतीच्या जमिनीचे तिसरे रूप म्हणजे मिठागर. मालवण हे नावच 'महालवण' ह्यावरून आले अशी लोकांची समजूत आहे. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये झालेला सत्याग्रह महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यातील ठळक घटना होय. भात, मीठ आणि कांदळ : किनाऱ्याच्या माणसाने एकाच खाऱ्या चिखलातून तीन प्रकारचे जीवन काढले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ह्या जमिनींकडे लक्ष दिले. १९४८ साली मुंबई इलाख्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. अन्नधान्याच्या टंचाईचा तो काळ. अधिकाधिक जमीन भाताखाली आणावी हा हेतू लोकहिताचाच होता. परंतु गावाची जबाबदारी जसजशी सरकारकडे गेली तसतशी अनेक ठिकाणी गावाची सवय मोडली. मुंबईची वाट धरलेल्या घरांत चिखल टाकायला हात उरले नाहीत. उधाणात बांध फुटला तर तो पुन्हा बांधला जाईलच असे राहिले नाही. खारे पाणी शिरले, भात गेले. भरतीने तिवराचे बी आणून टाकले, आणि काही वर्षांतच शेताच्या जागी रान उभे राहिले.

पोटखराब ते संरक्षित वन

इकडे शहरांतील अनुभवाने कायद्याची दृष्टी बदलत होती. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत भराव पडून कांदळवन झपाट्याने नाहीसे झाले होते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. मालवणच्या समुद्रात त्याआधीच, १९८७ साली, सागरी अभयारण्य जाहीर झाले होते. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली, त्याच्या सभोवती ५० मीटरच्या आत बांधकामास बंदी घातली आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण जमिनीची मालकी कोणाची हे न पाहता कायम केले. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला आणि २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. मोजणीदाराने 'खराब' म्हटलेली जागा दीडशे वर्षांत 'वन' झाली.

हा बदल योग्य होता असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते ही वादळे सिंधुदुर्गाने सोसली आहेत. समुद्र घरापर्यंत आला म्हणजे काय होते हे देवबागच्या माणसाला सांगावे लागत नाही. कांदळ तोडून तिथे भिंत बांधता येईल, पण त्या भिंतीत कुर्ली राहणार नाही आणि शेवटे वाढणार नाहीत.

तरीही त्या वृद्धाचे म्हणणे खोटे ठरत नाही. त्याच्या नावाचा सातबारा आहे, वडिलांनी सारा भरला आहे, आणि आज त्या शेतात त्याला विळा लावता येत नाही. कायद्याने झाडाला न्याय दिला. झाडामागच्या माणसाचा प्रश्न मात्र उरला. कांदळ वाचवणारे आणि शेत गमावलेले हे परस्परांचे शत्रू नव्हेत. दोघेही मोडलेल्या बांधाचे वारस आहेत.

ह्या प्रश्नाला एक वाट वेंगुर्ल्यात दिसली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प चालला, त्याच्या आधाराने मांडवी खाडीत स्वामिनी ह्या महिला बचत गटाने २०१७ साली पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवण्यास आरंभ केला. मच्छीमार कुटुंबांतील ह्या भगिनी स्वतः वल्ही मारतात आणि झाडांची माहिती सांगतात. त्याच वर्षी राज्य सरकारने कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना सुरू केली; तीत खेकडे, कालवे ह्यांच्या पालनास साहाय्य मिळते. उभ्या झाडापासून घरात दोन पैसे आले तर त्याचा राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. ही वाट ज्यांचे शेत तिवराखाली गेले त्यांच्या दारापर्यंत पोहोचली, तरच न्याय पुरा होईल.

नोंद कोणी ठेवायची ?

आता छायाचित्रांकडे येऊ. सहलीत काढलेली चित्रे चार दिवस पाहिली जातात आणि विसरली जातात. तसे होऊ नये म्हणून आम्ही परतल्यावर युवकांकडून एक काम करून घेतले. प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, जागेचे लोकांच्या तोंडचे नाव आणि झाडाचे स्थानिक नाव लिहिले. त्या वृद्ध गृहस्थांच्या संमतीने त्यांच्या शेताचीही नोंद केली : इथे पूर्वी कोणते भात होते, बांध कुठून कुठवर होता, उघडझाप कुठे होती, पाणी कोणत्या पावसाळ्यात शिरले. उपग्रह वरून हिरवा रंग पाहतो. त्या हिरव्याखाली कोणाच्या बापाचे शेत आहे आणि कोणते रान मूळचेच आहे, हे काठावरच्या माणसाखेरीज कोण सांगणार ? उद्या नुकसानभरपाईचा, उपजीविकेचा किंवा नव्या भरावाला विरोध करण्याचा प्रश्न उभा राहिला तर तारखेचे छायाचित्र आणि साक्षीदाराचा शब्द हाच कागद होईल.

नोंदीचे मोल आपल्या कुटुंबांना नव्याने सांगायला नको. आजोबांच्या जन्माचा पुरावा हवा असला की माणसे आधी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, आणि एखाद्या जुन्या धर्मगुरूने शाईने लिहिलेली बाप्तिस्म्याची एक ओळ नातवाचे काम करून जाते. लिहिणाऱ्याला तेव्हा त्या ओळीचे पुढचे आयुष्य माहीत नव्हते. त्याने आपले कर्तव्य केले एवढेच. खाडीकाठच्या प्रत्येक धर्मग्रामात अशीच एक वही खाडीचीही असावी. तीत छायाचित्रे चिकटवावीत, वडीलधाऱ्यांना विचारून फाट्यांची, बांधांची, माशांची नावे लिहावीत, आणि दर वर्षी त्याच जागी उभे राहून नवे छायाचित्र घ्यावे. ऐंशीच्या घरातील माणसे हे सांगायला आज आहेत, तोवरच हे काम व्हायला हवे.

मोजणीदार एकदा आला आणि त्याने एक शब्द लिहिला. तो शब्द बदलायला दीडशे वर्षे लागली. पुढचा शब्द कोणी लिहायचा, हे अजून ठरलेले नाही. वही आणि लेखणी आपल्या घरात आहे.